ठासणीची बंदूक पुन्हा खाली काढली



रानडुकरासाठी केलेल्या अर्जाला परवानगी मिळाली. पत्रात गट नंबर आमचा, मुदत पंधरा दिवसांची, जनावर रानडुक्कर आणि हत्यार म्हणून परवान्यावर नोंद असलेली एकनळी ठासणीची बंदूक. म्हणजे बाबांची बंदूक. गेली आठ वर्षं तिला तेलपाणी आणि निवडणुकीला पोलीस ठाण्याची वारी, एवढंच काम होतं. आता ती खाली काढली आहे. दोघातिघांनी हसत विचारलं, की या जमान्यात ठासणीची बंदूक घेऊन राखणीला कोण बसतं? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पिकाचं सांगतो. आमची जमीन राजूरच्या शिवारात, डोंगराच्या पायथ्याला. खालच्या खाचरात भात आणि वरच्या मुरमाड तुकड्यात यंदा वीस गुंठे मका. कणसात दूध भरलं आणि तिसऱ्या रात्री कळप आला. दोन रात्रींत सात गुंठे आडवा. डुक्कर खातं थोडं आणि नासतं जास्त, हे पाहिलेल्याला सांगायला नको. ताट मोडायचं, अर्धं कणीस खायचं, पुढच्या ताटावर जायचं. सकाळी वावरात गेलो तर चिखलात लोळल्याच्या जागा आणि पिल्लांच्या खुरांचे बारीक ठसे. किमान दोन माद्या आणि पिल्लावळ. एका बाजूने मोठा खूर वेगळा, एकटा फिरणारा नर.

आमच्याच वावरात का आलं, याचं उत्तर सरळ आहे. आजूबाजूला सगळं भात. हळवं भात कापणीला आलेलं, गरवं अजून निसवतंय. भर दुधातलं पीक या पट्ट्यात एकट्या आमच्या तुकड्यात. एका वावरात ताट वाढून ठेवलं आणि बाकीच्या घरात चूल पेटलीच नाही, तर पाहुणे कुठं जाणार? मका लावायचा तर बांधाला बांध लागून चार जणांनी एकाच आठवड्यात पेरावा, म्हणजे नुकसान वाटून जातं. हे मी पुढच्या खरिपासाठी शेजारच्यांशी बोलून ठेवलंय. कृषी सहायक मंडळींनीही पेरणीच्या बैठकीत हा मुद्दा काढावा. फवारणीचं वेळापत्रक आपण एकत्र करतो, राखणीचं करत नाही.

झटका मशीनचंही सांगतो, कारण तेही आहे आणि काढलेलं नाही. सौर पॅनेल, बॅटरी आणि तीन तारा. खालची तार वीतभर उंचीवर, कारण डुक्कर उडी मारत नाही, नाक खाली घालून उचलतं. ओल्या नाकाला झटका बसला की मागे सरतं. अंगाला बसून उपयोग नाही, केस राठ आणि कातडी जाड. पहिली पाच-सहा वर्षं मशीनने इमानदारीने काम केलं, म्हणूनच बंदूक विसरायला झालं. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तारेखालचं गवत आठ दिवसांत तारेला टेकतं. गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो. मशीन टिकटिक करत राहतं आणि तारेत जोर नसतो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. खाली कातळ, वर फूटभर माती, ती वाळली की अर्थिंग मिळत नाही. खोल काळी जमीन असलेल्यांना हा त्रास कमी. यंदा पाऊस लांबला, गवत काढायला उसंत मिळेना, आणि कळपाने एका जागी तार ढिली असल्याचं हेरलं. एकदा वाट सापडली की डुक्कर ती विसरत नाही.

साड्या बांधून झाल्या. न्हाव्याकडून केस आणून टाकले. सुतळी बॉम्ब वाजवले. पहिल्या रात्री पळतात, चौथ्या रात्री मान वर करून बघतात आणि परत खायला लागतात. बाकी दोन उपाय लोक गुपचूप करतात. एक म्हणजे तारेत थेट लाईनचा करंट सोडणं, दुसरं म्हणजे पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब. त्याबद्दल एवढंच म्हणतो, की त्यात जाणारा जीव डुकराचाच असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. दर हंगामात पेपरात बातमी असते. कुणाचा बैल, कुणाचा कुत्रा, कुठे बिबट्या, आणि कुठे पहाटे पाणी धरायला निघालेला वावराचा मालकच.

मग राहिली परवानगी. शिकार आणि परवानगी या दोन गोष्टी पोरांच्या डोक्यात एकच झाल्यात, म्हणून थोडं कायद्याचं. मुंबई राज्यात वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा 1951 चा, आणि देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार संपली. पण 1972 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये, उभ्या पिकाला धोका करणारं जनावर लेखी परवानगीने मारता येतं अशी तरतूद आहे. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला ती पिकासाठी लागू होत नाही. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. आपल्या राज्यात 2015 च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि नीलगायीसाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करण्याची रीत घातली. केरळात 2022 पासून हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणलाय. आपल्याकडे तसं झालं तर बरं की वाईट, यावर माझं मत अजून पक्कं नाही. गावकीत कुणाच्या वावराला आधी परवानगी मिळेल हे सांगायला ज्योतिषी लागणार नाही.

एक महत्त्वाचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 चं, क्षेत्र 361.71 चौरस किलोमीटर. आमची जमीन हद्दीच्या बाहेर आहे. हद्दीच्या आत ज्यांची गावं आहेत त्यांचे नियम वेगळे आणि कडक. त्यांनी माझं वाचून काही करू नये, आधी वनखात्याच्या माणसाला विचारावं.

आता बंदूक.

नळी जवळजवळ सव्वातीन फूट. आत पेच नाहीत, गुळगुळीत. म्हणून तिला रायफल म्हणत नाहीत. पोलिसांच्या कागदावर ती एसबीएमएल, म्हणजे एकनळी, तोंडाने भरायची. दस्ता शिसवीचा, मनगटाजवळ तडा गेलेला. बाबांनी तांब्याची तार इतकी घट्ट गुंडाळलीय की आता ती तारच हाताला ओळखीची वाटते. नळीवरचा शिक्का पुसट, नंबर मात्र स्पष्ट. बाबांना पीकसंरक्षणाचा परवाना 1979 ला मिळाला. तेव्हा राखण म्हणजे चार महिने माळ्यावर मुक्काम. गोफण, पत्र्याचा डबा, आणि रात्रीला ही. बहुतेक वेळा नुसत्या दारूचा बार, छर्रा नाही. हवेत उडवायचा, डोंगरातून घुमून परत यायचा आणि चार शिवारं जागी व्हायची. पलीकडच्या माळ्यावरून कुणीतरी आरोळी द्यायचं. कोण जागं आहे आणि कोण झोपलंय, ते त्या आरोळीवरून कळायचं.

मी शाळेत असल्यापासून बाबांच्या मागे बसून बॅटरी धरायचो. पुढे परवान्यात राखणीला बसणारा म्हणून माझं नाव जोडलं. 2015 चा निर्णय आला तेव्हा आणि पुढच्या वर्षी परवानगी काढून बसलो. दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक नर पडला. त्यानंतर मशीन आलं.

परवाना माझ्या नावावर झाला 2018 ला. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या वारसाच्या नावाने अर्ज करू शकतो. माणूस जायची वाट पाहायला लागत नाही. अनेक घरांत म्हातारा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा होते आणि पोरं कागदासाठी हेलपाटे घालत बसतात. बाप हयात असताना हे काम उरका. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदतही तीनऐवजी पाच वर्षांची झालीय.

या मुलखात बंदुकीचा कागद साधा नाही, त्याला जुनी किनार आहे. राघोजी भांगरे इथलेच, देवगावचे. इंग्रजांनी त्यांना 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुढे 1857 झालं आणि 1878 च्या कायद्याने तर देशभर हत्याराला परवाना आला. 1959 ला नवा शस्त्र कायदा झाला. त्यातही कलम 13 मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी तोंडाने भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. शेतकऱ्याच्या हातात इतकंच द्यायचं, हा हिशोब त्या ओळीत दिसतो. मला तो हिशोब अपमानाचा वाटत नाही. का, ते पुढे येईल.

बंदूक खाली काढली त्या दिवशी पहिलं काम गजाचं. ठासायचा गज नळीत पूर्ण आत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून तीच लांबी नळीवर बाहेरून लावायची. गज मागच्या टोकापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबला तर आत जुना बार आहे. आठ वर्षं कुणी भरली नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी केलं. बाबा बाजेवर बसून बघत होते. त्यांनी काही म्हटलं नाही, पण नजर गजावरच होती.

मग गंज. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. बार काढल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर आमच्या दमट हवेत सकाळपर्यंत तांबडं फुटतं. गरम पाणी का, तर राख त्यातच विरघळते आणि नळी तापल्याने लगेच सुकते. त्यानंतर तेल. इथं घरोघरी खुरासणीचं तेल असतं आणि पोरं तेच लावतात. खुरासणीचं तेल हवेने घट्ट होतं. सहा महिन्यांत घोड्याच्या सांध्यात गोंद धरल्यासारखं होतं आणि मग घोडा जड पडतो. खोबरेल आमच्या थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, पातळ हात द्या. निवडणुकीला जमा करताना मी नळीत तेलाचा हात थोडा जास्त देतो, कारण परत कधी मिळेल ते आचारसंहितेवर. मागल्या साली विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला होतं. म्हणजे भात कापणीचा हंगाम बंदुकीने ठाण्यात काढला. डुकरांना आचारसंहिता लागू नसावी.

नाशिकला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. टोपी बसते तो निपल बदलला, घोड्याची कमान तपासली, तडा गेलेल्या जागी दस्ता हलतो का पाहिलं. तो म्हणाला, तार काढू नका, हीच धरून आहे. मग त्याने नळीच्या तोंडासमोर वाळल्या गवताची काडी धरली आणि नुसती टोपी फोडली. काडी हलली. म्हणजे निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी. साधी परीक्षा आहे, पण फुसका बार बहुतेक वेळा याच वाटेत अडकतो. फुसका निघाला तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. घोडा पडला आणि बार झाला नाही, तर नळी तशीच समोर धरून ठेवायची. दारू कधी कधी उशिरा पेटते. लगेच तोंड आपल्याकडे करून आत बघणाऱ्याला देव वाचवो.

घरात वाद झाला तो यापुढे. थोरल्याचं म्हणणं होतं की बारा बोरची दुनळी घ्यायची. कायद्यात सोय आहेच. ठासणीची पुरत नाही हे अधिकाऱ्यांना पटलं तर पीकसंरक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. त्याने सगळं वाचून ठेवलेलं.

"पप्पा, एक बार चुकला तर दुसरा भरायला दोन-तीन मिनिटं जातील. डुक्कर काय थांबणार हाय का?"

"नाय थांबणार. जाऊ दे त्याला."

"मग बसायचं कशाला?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मी दोन दिवसांनी दिलं, तेही तोंडाने न देता त्याला माळ्यावर नेऊन. रिकाम्या हाताने गेलो, फक्त बॅटरी. रात्री नऊच्या सुमारास त्याला म्हणालो, बॅटरी फिरव आणि काय दिसतं ते सांग. बांधावर हिरवे दोन दिवे चमकले. आमचाच डांगी गोऱ्हा, दावं सोडून आलेला. काळ्यावर पांढरे ठिपके, अंधारात काळा भाग दिसतच नाही, नुसते पांढरे तुकडे तरंगतात. पुढे एक जोडी खाली, लालसर, ती कुत्र्याची. मग मक्याच्या पलीकडच्या कडेला काहीतरी वाकलेलं, काळं, हलतंय आणि डोळे चमकत नाहीत.

गुरं, कुत्री, भेकर, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, उजेड पडला की चमकतो. डुकराच्या डोळ्यांत तो पडदा नाही. म्हणून जुनी माणसं सांगतात, डोळे चमकले तर चापावरून बोट काढ, ते डुक्कर नव्हे. हे थोरल्याला माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "डुक्कर."

मी हाक मारली. ते वाकलेलं उभं राहिलं. शेजारच्या वाडीतला पोरगा होता, ओढ्याला खेकडे धरायला चाललेला. त्याच्या बॅटरीचे सेल संपले होते म्हणून खाली वाकून चाचपडत होता.

माणसाच्या डोळ्यांतही तो पडदा नसतो.

थोरला त्या रात्री काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विषय काढला. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. डुकराच्या शिकारीला जंगलात गेलेल्या टोळीत एकाने आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. तो गेला. अशा बातम्या कोकणातून, घाटावरून, सगळीकडून येतात, आणि प्रत्येक बातमीत वाक्य तेच असतं, डुक्कर समजून. त्या माणसाला नेम येत नव्हता असं नसतं. नेम चांगला असतो म्हणूनच समोरचा मरतो.

आता ठासणीच्या बंदुकीचं. तिचा भरवसा पंचवीस-तीस पावलांपर्यंत. त्यापुढे मी बार काढतच नाही. पंचवीस पावलांवर जनावर आलं म्हणजे त्याचं तोंड, पाठीवरचे उभे केस, शेपटी, सगळं बॅटरीत दिसतं. त्याच्या खाण्याचा आवाज येतो. तेवढं जवळ येईपर्यंत थांबायला लागतं आणि थांबताना शंका फिटते. शिवाय बार एकच आहे हे डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे आवाजाच्या दिशेने, झुडूप हललं म्हणून, अंदाजाने, असलं काही हातून होत नाही. दुनळी हातात असती तर मीही कदाचित तितका थांबलो नसतो. बार निघाला की पांढऱ्या धुराने समोरचं सगळं झाकून जातं. लागलं की नाही हेही कळत नाही. धूर विरेपर्यंत माळ्यावरच बसायचं. जखमी डुकराच्या मागे रात्री गवतात उतरायचं नाही, त्याने मांड्या फाडलेली माणसं आमच्या बाबांनी पाहिलीत. सकाळी वनरक्षकांना घेऊन माग काढायचा.

हाका करायचाही विषय निघाला होता. दहा-बारा जण, कुत्री, तीन बंदुका. मी नको म्हटलं. हाक्यात कोण कुठं उभा आहे हे पाचव्या मिनिटाला कुणालाच माहीत नसतं. आणि पत्रात एकच नाव आणि एकच बंदूक आहे.

बाबांची एक अट आहे. पिल्लंवाली मारायची नाही. त्यांच्या वडलांचीही होती. मी एका कृषी अधिकाऱ्यांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, भाऊ, संख्या कमी करायची तर मादीच जायला हवी, नर मारून कळपाला काय फरक पडतो? हिशोबाने त्यांचं खरं आहे. एक मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते आणि एक नर गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. पण संख्या कमी करणं हे एका शेतकऱ्याच्या एका बंदुकीचं काम आहे असं मला वाटत नाही. ते खात्याचं काम, मोजणी करून, पूर्ण पट्ट्यात ठरवून करायचं. माझं काम उरलेले तेरा गुंठे वाचवणं. त्या एकट्या नराने दोन वेळा तार पाडलीय आणि कळप त्याने पाडलेल्या वाटेने आत आलाय, हे ठशांवरून दिसतं. तो गेला आणि तार ताठ झाली तर मका निघेल असा माझा अंदाज. अंदाजच आहे. त्यामुळे अट पाळणार.

दुसरा विषय मांसाचा. पूर्वी डुक्कर पडलं की वाटे पडायचे. मारणाऱ्याचा, बॅटरीवाल्याचा, ज्याच्या वावरात पडलं त्याचा, आणि देवाचा. आता कलम 39 प्रमाणे परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता. पंचनामा होतो आणि विल्हेवाट खात्याच्या समोर. वाडीतल्या एका आज्जीने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मारून पुरायचं? खायाचं बी नाय? मंग मारतोस कशाला रं?" मी मक्याचं सांगितलं. ती म्हणाली, मका तर तुझा गेलाच हाय की. आणि चालायला लागली. तिला काय उत्तर द्यावं मला अजून सुचलेलं नाही. घरातूनही सूर तोच आहे, फक्त शब्द वेगळे. आमच्या मंडळी म्हणतात, चार रात्री जागून दिवसा भात कोण कापणार? हा प्रश्न आज्जीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, कारण याची मजुरी मोजता येते.

नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा केलाय. वावर साफ करायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि तीन दिवसांच्या आत अर्ज द्या. पंचनाम्याआधी नांगर घातला तर कागदावर काहीच उरत नाही.

तयारी झालीय. माळा बांधला, तो बांधाच्या खालच्या अंगाला. रात्री डोंगरावरची थंड हवा खाली उतरते. डुक्कर डोंगराकडून येणार, म्हणजे वारा त्याच्याकडून आमच्याकडे. त्याची नजर मंद, पण नाक असं की वाऱ्याच्या उलट बाजूला बसलं तर वावरात पायच घालणार नाही. माळ्यावरून बार खाली, मातीत जाईल असा कोन ठेवलाय. मागे दगडी ताल आहे, वाडीची बाजू पाठीमागे सोडली. बॅटरी थोरला धरणार. त्याला सांगून ठेवलंय, मी म्हणेपर्यंत उजेड हलवायचा नाही, आणि त्याच्या मनात शंका आली तर त्याने बॅटरी बंद करायची. उजेड गेला की मी घोडा उतरवणार, विचारणार नाही का म्हणून.

बाबांची आता नजर गेलीय, हात थरथरतो. काल संध्याकाळी बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली. तारेवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "दारू कोरडी ठेव. आणि झोप आली तर घरी ये, जागा राहायचा हट्ट करू नको."

शिवारातल्या सगळ्यांसाठी: सोमवार 13 ते गुरुवार 16 ऑक्टोबर, रात्री आठ ते बारा आम्ही माळ्यावर असू. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर काळोख आहे. शुक्रवारी वाघबारस, त्या दिवसापासून बंदूक घरात. या चार रात्री ओढ्याच्या वरच्या अंगाने, आमच्या मक्याच्या आणि तालीच्या मधून कुणी जाऊ नये. खेकड्याला जाणाऱ्या पोरांनी खालच्या पुलाकडून जावं, बॅटरीत नवे सेल घालावेत आणि बोलत जावं, गाणी म्हणत गेलात तरी चालेल. गुरं दाव्याला बांधा. वाडीत ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना हे तोंडी सांगा, मी आज संध्याकाळी घरोघरी जाऊन येतोच आहे.